फ्रिजच्या दारावरचा चौकोन

आमच्या फ्रिजच्या दारावर सात सेंटिमीटर बाजूचे एक चौकोनी छायाचित्र चुंबकाने चिकटलेले आहे. त्यात माझी दोन्ही मुले हसत आहेत. अथर्व, वय अकरा, पोट धरून. अश्लेषा, वय सात, डोळे जवळजवळ मिटून. दोघांपैकी एकही कॅमेऱ्याकडे पाहत नाही. दोघेही चित्राच्या उजव्या कडेबाहेर, एकाच बिंदूकडे पाहत आहेत.

छायाचित्र राजीव देवस्थळी यांनी काढलेले आहे.

राजीव आमच्या समोरच्या सदनिकेत राहतात. मूळचे पुण्याचे, नोएडाच्या एका कंपनीत बँकांच्या संगणकप्रणाली दुरुस्त करतात. आम्ही फरीदाबादच्या सरकारी वसाहतीतून गाझियाबादच्या या सोसायटीत आलो त्याच महिन्यात, जानेवारीत, सोसायटीच्या मराठी मंडळाची संक्रांतीची सहल दिल्लीतल्या एका बागेत गेली होती. तिथे त्यांनी हे छायाचित्र काढले, त्याचा चुंबक करून घेतला, आणि आमच्या घरी येऊन स्वतःच्या हाताने फ्रिजवर लावला. तोही बरोबर माझ्या डोळ्यांच्या उंचीवर. (त्याच सहलीत माझ्या चष्म्याची उजवी दांडी वाकली, पण तो विषय वेगळा.)

मे महिन्यात मी दिवसाला सरासरी अकरा वेळा पाणी पिण्यासाठी फ्रिज उघडतो. म्हणजे दिवसातून अकरा वेळा मला आठवण करून दिली जात होती की माझ्या मुलांचे जगातले सर्वोत्तम छायाचित्र दुसऱ्या एका गृहस्थाने काढले आहे. शिवाय पाहुणे. पाहुणा पाण्याच्या निमित्ताने स्वयंपाकघरात येई, दारापाशी थबके आणि म्हणे, "किती गोड! कुणी काढला?" माझी पत्नी लतिका सांगे, "राजीवने." मग पाहुणा राजीवविषयी बोले. पाणी मीच देत असे.

मत्सर हा शब्द मी वापरणार नाही. ज्या राशीला एकक नाही तिच्याविषयी बोलू नये, असा आमच्या प्रयोगशाळेतला दंडक आहे. मी केंद्र सरकारच्या एका प्रयोगशाळेत आहे. प्रकाश मोजणारी उपकरणे प्रकाश बरोबर मोजतात की नाही, हे मोजणे माझे काम. एकोणीस वर्षे प्रकाशाबरोबर काढलेल्या माणसाच्या घरात, त्याच्या मुलांवर पडलेला प्रकाश टिपण्याचे श्रेय बँकांची संगणकप्रणाली दुरुस्त करणाऱ्याला जावे, यात एक विसंगती होती आणि ती दूर करणे आवश्यक होते, एवढेच माझे म्हणणे.

उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही आठ दिवस कौसानीला जाणार होतो. उद्दिष्ट मी वहीत लिहिले: एक छोटा, खिशात मावणारा कॅमेरा निवडणे; त्याने मुलांचे राजीवच्या छायाचित्राहून सरस असे एक छायाचित्र काढणे; फ्रिजवरचा चुंबक बदलणे.

"मोबाइल आहे ना?" लतिका म्हणाली. ती शाळेत गणित शिकवते, त्यामुळे तिचे प्रश्न लहान असतात.

"मोबाइलची भिंगे नखाएवढी असतात."

"राजीवचा कॅमेरा कुठे मोठा आहे? शर्टाच्या खिशात ठेवतो तो."

"म्हणूनच मी छोटा कॅमेरा घेतोय. तुलना समान पातळीवर हवी."

"तुलना," लतिका म्हणाली, आणि पोळ्या लाटू लागली.

प्रयोगाची पहिली पायरी म्हणजे मूळ नमुन्याचा अभ्यास. चुंबक काढून मी भिंगाखाली धरला. कान आणि नाक यांच्यातल्या अंतरावरून चेहरे कॅमेऱ्यापासून सुमारे चाळीस अंश वळलेले होते. म्हणजे तिथे काहीतरी होते. राजीवनी मुलांना हसवण्यासाठी तिथे काही उभे केले असणार, हे उघड होते. त्यांची पत्नी रुचिता असेल, एखादे खेळणे असेल, कदाचित कुत्रा. ही युक्ती होती, कौशल्य नव्हे. या निष्कर्षाने मला जरा बरे वाटले. मी मुलांना विचारले.

"अश्लेषा, तू इथे कुठे बघत होतीस?"

"तिकडे."

"तिकडे काय होतं?"

अश्लेषाने आईकडे पाहिले, हाताने तोंड दाबले आणि ती गॅलरीत पळाली.

"काही नाही बाबा," अथर्व म्हणाला. "ऐसे ही. काहीतरी फनी होतं." मग त्यानेही आईकडे पाहिले.

साक्षीदार उत्तर देताना तिसऱ्याच व्यक्तीकडे पाहतात, ही बाब मी नोंदवली. तिचा अर्थ लावला नाही, ही माझी चूक.

तळमजल्यावरच्या विजयालक्ष्मीकाकू मंडळाच्या चिटणीस आहेत. त्यांना सोसायटीतली प्रत्येक बातमी लिफ्टमध्ये मिळते, आणि त्या तळमजल्यावर राहत असूनही लिफ्टमध्ये का असतात हे कोणी विचारत नाही. माझ्या हातात कॅमेऱ्यांचा तक्ता होता: नऊ कॅमेरे, चौदा निकष, प्रत्येक निकषाला भारांक.

"कॅमेरा घेतोस म्हणे?" काकू म्हणाल्या. "अरे, कॅमेऱ्यात काय असतं? फोटोला नजर लागते. राजीवकडे आहे ती."

"नजर म्हणजे नक्की काय, काकू?"

"ते सांगता येत नाही."

"मग ती त्यांच्याकडे आहे हे कसं कळलं?"

"तुझ्या फ्रिजवर आहे ना पुरावा," काकू म्हणाल्या. "तू असं कर, राजीवलाच विचार. गेल्या वर्षी दिल्लीत कोपर्निकस मार्गावर मंडळाचा कार्यक्रम झाला, तेव्हा त्याने काढलेला माझा फोटो बघून माझी सख्खी बहीण म्हणाली, कोण गं ही? इतकी चांगली दिसतेय मी. त्याच्यासारखा माणूस नाही बघ."

सल्ला विचारण्यात कमीपणा नाही, असे मी स्वतःला तीन मजले सांगितले. राजीव खाली गाडी पुसत होते. दिल्लीत इतकी वर्षे काढल्यामुळे ते माझ्या नावाला 'जी' लावतात. ते मला आवडत नाही, आणि आवडत नाही हे सांगण्याइतके ते कधी वाईट वागत नाहीत.

"तुमचा कॅमेरा कोणता हो?" मी सहज विचारले. सहज विचारण्याचा सराव मी जिन्यात केला होता.

"माझा? काही नाही श्यामकांतजी, जुनाच आहे. ताईने दिलेला. नावसुद्धा पुसलं गेलंय त्याच्यावरचं." मग त्यांनी फडके खांद्यावर टाकले आणि तो प्रस्ताव मांडला, जो मी आजही विसरलेलो नाही. "तुम्हाला कौसानीला हवाय का? अरे, मग घेऊन जा ना माझाच! विकत कशाला घेता, यार. कार्डसुद्धा आतच आहे, बिल्कुल रेडी."

एखादा माणूस आपल्या प्रतिस्पर्ध्याला स्वतःचे शस्त्र हसतमुखाने देऊ करतो, तेव्हा त्याचे दोनच अर्थ संभवतात: तो फार उदार आहे, किंवा आपण प्रतिस्पर्धी आहोत हे त्याला ठाऊकच नाही. दुसरा अर्थ मला अधिक झोंबला. मी नम्रपणे नकार दिला. तेव्हाच हो म्हटले असते तर ही सगळी हकिकत त्याच संध्याकाळी संपली असती.

आता कार्यालयाविषयी. सरकारी नोकराने मूल्यवान वस्तू विकत घेतली तर कार्यालयाला कळवावे, असा नियम आहे. त्याला एक मर्यादा आहे, आणि माझा कॅमेरा त्या मर्यादेच्या आसपासही फिरकत नव्हता. पण कॅमेरा हे प्रकाशीय उपकरण, मी प्रकाशीय उपकरणे तपासणारा अधिकारी. उद्या कोणी हितसंबंधांचा प्रश्न काढला तर? मी खबरदारी म्हणून एक पानी सूचना दिली. माझ्या माहितीनुसार आमच्या प्रयोगशाळेच्या इतिहासात गरज नसताना अशी सूचना देणारा मी पहिला. तसे आमच्या अनुभाग अधिकाऱ्यांनीही मला सांगितले.

"सर, ये क्या है?" त्यांनी कागद दोन बोटांत धरला होता.

"इंटिमेशन. खबरदारी म्हणून."

"इसमें लिखा है, उद्देश्य: बच्चों का एक फोटो." त्यांनी चष्मा वर केला. "एक?"

"एक काफी है."

"सर, कागज़ आ गया है तो अब एग्ज़ामिन तो करना पड़ेगा."

चार दिवसांनी फाइल परत आली. तिच्यावर हिरव्या शाईत एकच शेरा होता: "मोबाइल से क्यों नहीं? कृपया स्पष्ट करें." मी भिंगांचा व्यास, संवेदकाचे क्षेत्रफळ आणि मंद प्रकाशात प्रतिमेवर उमटणारे दाणे यांवर अडीच पानांचे स्पष्टीकरण दिले, दोन आलेखांसह. त्यानंतर फाइल वर गेली. वर गेलेल्या फाइलविषयी चौकशी करू नये, असा संकेत आहे.

मी नियमाप्रमाणे केवळ कळवायचे होते, परवानगी मागायची नव्हती, म्हणून शनिवारी चांदनी चौकातल्या कॅमेऱ्यांच्या बाजारात गेलो. तिथे मला समजले की माझ्या तक्त्यातल्या नऊपैकी सात कॅमेरे आता कोणी बनवत नाही, आणि उरलेल्या दोनांसाठी प्रतीक्षायादी आहे. दुकानदार साठीचे, शांत गृहस्थ होते. मी पिशवीतून तपासणीचा रेषांचा तक्ता, पोलादी पट्टी आणि घडीची तिपाई काढली तेव्हाही ते शांतच राहिले.

"साहब, शादी-वादी का काम है?"

"नहीं. बच्चों के फोटो लेने हैं. छुट्टी में."

त्यांनी काउंटरखालून एक चंदेरी, साबणाच्या वडीएवढा कॅमेरा काढला. "ये ले जाइए. सेकंड हैंड है, पर चलता मक्खन है. आजकल कॉलेज की लड़कियाँ यही ले जा रही हैं. विंटेज."

मी दुकानाच्या भिंतीवर तक्ता चिकटवून एकोणीस छायाचित्रे घेतली. तिपाईमुळे दुकानात येणाऱ्या तीन मुलींना बाहेर थांबावे लागले. त्यातली एक दुसरीला म्हणाली, "अंकल सीरियस हैं." रेषा स्वच्छ होत्या, कडांवरचे विकृतीकरण दीड टक्क्याच्या आत. भारांकांनुसार या कॅमेऱ्याला शंभरपैकी एक्काहत्तर गुण पडले.

"मेन्यू किस भाषा में है?" मी विचारले. पडद्यावर अनोळखी चौकोनी अक्षरे होती.

"जापानी. सीधा वहीं से आया है. यही तो चार्म है, साहब."

भाषा माझ्या चौदा निकषांत नव्हती. शास्त्रज्ञाने तक्त्याला एकनिष्ठ राहावे लागते. मी कॅमेरा घेतला.

घरी आल्यावर उलगडले की कॅमेरा प्रत्येक छायाचित्राच्या कोपऱ्यात नारिंगी आकड्यांत तारीख छापतो, त्याच्या आतली घड्याळाची बारीक बॅटरी मेलेली आहे, आणि म्हणून मुख्य बॅटरी चार्जिंगसाठी काढली की घड्याळ १ जानेवारी २००८ वर परत जाते. तारीख छापणे बंद करण्याची सोय निश्चितच होती. ती जपानीत होती. मी अंदाजाने एक पर्याय दाबला, तेव्हा कॅमेरा दर वेळी मांजरासारखा आवाज करू लागला. दुसरा दाबला तेव्हा मांजर दुप्पट झाले. मग मी थांबलो.

"अश्लेषा दोन हजार आठमध्ये?" लतिकाने छायाचित्र पाहून विचारले. "जन्माच्या दहा वर्षं आधी?"

"ती तारखेची त्रुटी आहे. प्रतिमेची नाही."

"बरं," लतिका म्हणाली. माझ्या लग्नाच्या अनुभवात 'बरं' या उच्चाराच्या सहा पातळ्या आहेत. ही पाचवी होती.

कौसानीहून हिमशिखरांची लांबच लांब रांग दिसते, असे म्हणतात. आम्ही तिथे आठ दिवस होतो आणि आठही दिवस धुरके होते. रोज सकाळी विश्रामगृहाचे वृद्ध व्यवस्थापक चहा ठेवत आणि सांगत, "कल दिखा था साहब." मी दुसऱ्या दिवशी म्हटले, कल तो हम यहीं थे. ते म्हणाले, "आप सो रहे थे." सहाव्या दिवशी मी पहाटेपासून जागा राहिलो. ते म्हणाले, "अभी अभी गया."

शिखरे नसली तरी मुले होती. रोज साडेसात ते साडेनऊ, प्रकाश तिरपा आणि मऊ असतो तेव्हा, मी सत्र घेत असे. पद्धत सोपी होती. प्रथम मुलांनी राखाडी पुठ्ठा चेहऱ्यासमोर धरायचा. त्यावरून मी प्रकाश मोजायचो. मग पुठ्ठा खाली. मग डोळे भिंगाच्या मध्यावर, हनुवटी किंचित वर, आणि मी तीन म्हणताच हसू.

"बाबा, हसू की रुकू?" पुठ्ठ्यामागून अश्लेषा विचारी.

"थांब. अजून नाही."

"अब?"

"आता. हस."

ती दात दाखवी. दंतवैद्याला दाखवतात तसे.

"अथर्व, तू का हसत नाहीस?"

"हसतोय ना, यार. यही है मेरा."

"वडिलांना यार म्हणत नाहीत."

"राजीवकाका म्हणतात ना तुला."

कॅमेऱ्याने मांजरासारखा आवाज केला. पहिल्या दिवशी त्या आवाजाला मुले हसली. पण आवाज शटर उघडून मिटल्यानंतर येई, त्यामुळे हसू नेहमी छायाचित्रानंतर उमटे. तिसऱ्या दिवसापासून तेही थांबले. पाचव्या दिवशी अश्लेषाने राखाडी पुठ्ठ्यावर खडूने हसणारा चेहरा काढला आणि तो समोर धरून म्हणाली, "याचा काढ."

आठ दिवसांत सहाशे अकरा छायाचित्रे झाली. मुले त्यातल्या जवळजवळ प्रत्येकात थेट भिंगाकडे पाहत होती, अगदी सांगितल्यासारखी. हसत असलेली: शून्य. चार वादग्रस्त होती, पण त्यातल्या दोनात अश्लेषाला शिंक येत होती.

गाझियाबादला परतल्यावर मी वादग्रस्त चारातले एक मंडळाच्या व्हॉट्सॲप गटावर टाकले. अर्ध्या तासात तीन जोडलेले हात आले. मग विजयालक्ष्मीकाकूंचा संदेश आला: "जुन्या आठवणी! किती लहान होती ना मुलं!!" कोपऱ्यात नारिंगी अक्षरांत २००८ होते. मी खुलासा लिहिला. त्यावर एक अंगठा आला.

त्याच आठवड्यात देवस्थळी कुटुंब कौसानीला गेले. योगायोग, असे राजीव म्हणाले. आमच्याच विश्रामगृहात खोली मिळाली होती. त्यांच्या पहिल्या दुपारी तिथे पाऊस पडला, धुरके धुऊन गेले, आणि दुसऱ्या सकाळी गटावर त्यांचे छायाचित्र आले. शिखरांची अख्खी रांग, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, कोवळ्या उन्हात गुलाबी. पुढे कठड्यावर ते वृद्ध व्यवस्थापक बसलेले, हातात चहा, आणि पोट धरून हसत होते. माझ्याशी तो माणूस आठ दिवसांत एकदाही हसला नव्हता. खाली एकवीस लाल बदाम होते. बाविसावा लतिकाचा होता. मी तो मोजला, आणि फोन पालथा ठेवला.

कार्यालयात त्याच दिवशी माझी फाइल उतरली. शेरा: "सूचना अनावश्यक. नोंद घेतली. फोटो आया क्या?"

आता मला एक गोष्ट मान्य करावी लागली. प्रकाश मला त्यांच्याहून अधिक कळतो. माझ्या कॅमेऱ्याच्या रेषा स्वच्छ होत्या. मुले तीच होती. व्यवस्थापकसुद्धा तोच होता. उरला एकच घटक: त्यांचा कॅमेरा. तो तपासल्याशिवाय निष्कर्ष काढणे अशास्त्रीय ठरले असते. राजीव परतले त्या रविवारी मी त्यांची घंटा वाजवली.

"तो कॅमेरा," मी म्हणालो. "आठवडाभर मिळेल का? केवळ चाचणीसाठी."

"अच्छा, चाचणी!" राजीव आनंदाने म्हणाले, आणि आत जाऊन कॅमेरा घेऊन आले. "ठेवा हवा तितके दिवस. फक्त कार्डावरचं काही उडवू नका हं. जानेवारीपासूनचं सगळं तसंच आहे." मग ते जरा घुटमळले. "म्हणजे... जुनं काही बघायलाच पाहिजे असं नाही. बोअर होतं."

मी जेवणाच्या टेबलावर तक्ता लावून चाचणी घेतली. राजीवच्या कॅमेऱ्याच्या रेषा माझ्या कॅमेऱ्याहून धूसर होत्या, आणि कडांवरचे विकृतीकरण साडेतीन टक्के होते. माझ्या भारांकांनुसार त्याला त्रेपन्न गुण पडले. तो माझ्या कॅमेऱ्याहून निकृष्ट होता. असा निकाल हातात आल्यावर एखाद्याला समाधान वाटले असते. मला घाम फुटला. कारण आता दोषी ठरवायला उपकरण उरले नव्हते.

मग मी कार्डावर जानेवारी उघडला.

चुंबकावरचे छायाचित्र क्रमांक १४८ होते. ते चौकोनी नव्हतेच. मूळ छायाचित्र आडवे, चांगले रुंद होते, आणि चुंबकासाठी त्याचा केवळ डावा भाग कापून घेतला होता. डाव्या भागात माझी मुले हसत होती. उजव्या भागात ती ज्या बिंदूकडे पाहत होती तो बिंदू होता.

तो बिंदू म्हणजे मी.

हे कळण्यासाठी आधीचे छायाचित्र, १४७, पाहावे लागते. त्यात मी मंडळाच्या पोत्यांच्या शर्यतीच्या रेघेवर, कमरेपर्यंत पोत्यात उभा आहे. मुलांना मी समजावत होतो की पोत्यात माणूस पडतो तो गुरुत्वमध्याकडे दुर्लक्ष केल्यामुळे. उडी आखूड ठेवली आणि हात पसरले तर पडणे भौतिकदृष्ट्या अशक्य आहे. माझे हात पसरलेले आहेत. १४८ मध्येही ते पसरलेलेच आहेत, पण मी आता उभा नाही आणि आडवाही नाही. १४९ मध्ये गवत आहे, पोत्याचे टोक आहे, आणि हवेत एक चष्मा आहे.

त्या दिवशी मी पडलो हे मला अर्थातच आठवत होते. पण ते कोणी पाहिले नाही, असे मी इतके महिने धरून चाललो होतो, कारण मी उठलो तेव्हा एकही माणूस माझ्याकडे पाहत नव्हता. १५० क्रमांकाच्या छायाचित्रात मी गुडघ्यावर आहे, आणि मंडळाचे चौदा सभासद, विजयालक्ष्मीकाकूंसह, एका जांभळाच्या झाडाकडे टक लावून पाहत आहेत. मी प्रतिमा मोठी करून तपासले. झाडावर काहीही नाही.

लतिका मागे येऊन उभी राहिली होती. किती वेळ, ते मला माहीत नाही.

"तुला माहीत होतं," मी म्हणालो.

"तू घरी येईपर्यंत गाडीत एक शब्द बोलला नव्हतास. मग म्हणालास, जमीन असमान होती." ती खुर्ची ओढून बसली. "मुलांना मी सांगून ठेवलं, बाबांना हसलो असं कळू द्यायचं नाही. किती कठीण गेलं असेल त्यांना, विचार कर. तू त्या चुंबकावर भिंग धरून विचारत होतास."

"आणि राजीव?"

"त्याला विचार ना."

मी कॅमेरा परत करायला गेलो. राजीवनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिले आणि समजले.

"बघितलंत वाटतं," ते म्हणाले. "सॉरी हं, श्यामकांतजी. उडवायला पाहिजे होता तो, पण मुलं इतकी मस्त आली होती ना. तुमचा मंडळातला पहिलाच कार्यक्रम होता. नवीन माणूस, त्यात सायंटिस्ट. म्हटलं, तेवढा भाग कापून देऊ. बरं दिसलं नसतं."

पाच महिने मी ज्या कापलेल्या कडेकडे संशयाने पाहत होतो, तिच्या पलीकडे त्यांनी माझी अब्रू ठेवली होती. मला काहीतरी म्हणायला हवे होते. मी म्हणालो, "तुमच्या कॅमेऱ्याच्या कडांवर साडेतीन टक्के विकृतीकरण आहे."

"असेल," राजीव म्हणाले. "आत या. रुचिताने पियूष केलंय."

मी आत गेलो. पियूष चांगले होते, हेही नोंदवतो. निघताना मी त्यांच्याकडून १४८ ची मूळ प्रत मागून घेतली, न कापलेली. आता फ्रिजवर ती आहे, अठरा सेंटिमीटर रुंद, चार चुंबकांनी लावलेली. अश्लेषा दूध घ्यायला आली की त्या छायाचित्रापाशी थांबते आणि आता तोंड दाबत नाही. पाहुणे अजून विचारतात, कुणी काढला. मी सांगतो, राजीवने. हे सांगताना अजूनही किंचित त्रास होतो, पण तो पूर्वीहून कमी आहे आणि कमी होतो आहे.

कारण पुढीलप्रमाणे. मुले कॅमेऱ्याकडे पाहत नव्हती, कारण ती माझ्याकडे पाहत होती. ती हसत होती, कारण मी पोत्यात पडणे अशक्य आहे असे त्यांना समजावत असताना, उभ्या रेषेशी बत्तीस अंशांचा कोन करून पडत होतो. कौसानीच्या सहाशे अकरा छायाचित्रांत ती हसत नाहीत, कारण त्या प्रत्येक वेळी मी कॅमेऱ्यामागे पूर्णपणे स्थिर उभा होतो.